दोन लहान मुलं, चार लाखांचं बजेट आणि ऑस्ट्रेलिया: नाशिकच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकचं चौकोनी कुटुंब, नावं अर्थातच बदललेली आहेत. सुजय एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, केतकी शाळेत शिक्षिका, थोरली मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा मुलगा २४ मे २०२५ ला दोन पूर्ण करणार होता. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढे अख्खा प्लॅन तिच्याभोवतीच फिरला.

केतकीची मावसबहीण मेलबर्नला टारनीटमध्ये राहते. नवराबायको दोघं नोकरी करतात, चार वर्षांची एक मुलगी, स्वतःचं घर. दर दिवाळीला फोनवर "या की गं एकदा" चालायचंच, आणि २०२४ च्या दिवाळीत केतकीने ते एकदाचं मनावर घेतलं. माझं त्यांच्याकडे जाणंयेणं आहे आणि मला तिकिटं, नकाशे, एक्सेल शीट यांत रमायला आवडतं, त्यामुळे प्लॅनिंगची फाइल माझ्याकडेच होती. पुढचे आकडे त्यातलेच आहेत, गोळाबेरीज करून. डॉलर म्हणजे सगळीकडे ऑस्ट्रेलियन डॉलर, तेव्हा साधारण ५५ रुपयांना पडत होता.

बजेट चार लाख. सुजयने हा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला आणि म्हणाला की यातलं कर्ज एक रुपयाचंही नको, ईएमआयवर फिरायला जायचं नाही.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघता अडचण पैशाची. पण खरी गोची अशी होती की यादी मोठ्यांची होती आणि जाणार होती लहान मुलं. केतकीच्या पहिल्या यादीत सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, केर्न्सचं ग्रेट बॅरियर रीफ, ट्वेल्व्ह अपॉसल्सचे समुद्रातले खडक आणि जमलंच तर कांगारू आयलंड, हे सगळं पंधरा दिवसांत. त्यात सुजयचा आग्रह की एवढं तिकीट काढून जातोय तर सगळं बघूनच येऊ, परत कोण जातंय.

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता कोणी म्हणालं की मी आधी नकाशा उघडून दाखवतो. मेलबर्न ते केर्न्स म्हणजे सव्वातीन तासांचं विमान. प्रत्येक वेळी शहर बदललं की नुसतं तिकीट लागत नाही, बॅगांचे पैसे वेगळे, दोन्हीकडे विमानतळावर जायचायायचा खर्च, कारसीट, बाहेरचं जेवण, आणि अख्खा एक दिवस पाण्यात. मोठ्या माणसांना तो दिवस निदान खिडकीतून बघण्यात जातो, पावणेदोन वर्षांच्या पोराला तो रडण्यातच घालवायचा असतो.

शिवाय सुट्टीच्या तारखा अडकलेल्या. केतकी शिक्षिका असल्यामुळे मे महिन्यातच जायचं. नातेवाइकांचं म्हणणं होतं की मेमध्ये तिकडे थंडी पडते, डिसेंबरात जा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी, समुद्रकिनारी मिळेल ती खोली दुप्पट भावाने, आणि केतकीला तेव्हा रजा नाही. त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला.

कुठले पर्याय समोर होते

टूर कंपनीचं पॅकेज. घरच्यांचा कौल याला, कारण सोबत मराठी ग्रुप, रोज वरणभात, काही बघायला नको. कोटेशन मागवलं तर दोन मोठे, एक मूल आणि एक लॅपवरचं बाळ मिळून साडेआठ लाखांच्या पुढे. त्यावर फॉरेन टूर पॅकेजला टीसीएस, म्हणजे कंपनी आधीच कापून घेते तो कर, एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपर्यंत ५ टक्के होता. तो रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकतात. ते बाजूला ठेवलं तरी वेळापत्रक बघून केतकीच म्हणाली, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर आणि साडेसातला बस, हे धाकट्याला कोण समजावणार.

फक्त क्वीन्सलँड, म्हणजे ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टचं राज्य. हा पर्याय मला स्वतःला फार आवडला होता आणि अजूनही वाटतं की ज्यांचं तिकडे कोणी नाही त्यांनी आधी हाच बघावा. मेमध्ये ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टला उबदार, कोरडी हवा असते. ऑगस्ट २०२४ पासून तिथे सरकारी बस, ट्रेन, फेरी, ट्रामचं भाडं सरसकट ५० सेंट आहे, आधी सहा महिन्यांसाठी आणलं आणि मग कायमच ठेवलं. ब्रिस्बेनहून गोल्ड कोस्टला ट्रेनने जा, ५० सेंटच. (विमानतळावरच्या एअरट्रेनला मात्र ते लागू नाही.) साउथ बँकला शहराच्या मध्यात वाळूचा कृत्रिम बीच आहे, फुकट, लाइफगार्ड असतात, मुलं दिवसभर तिथून हलत नाहीत. अडलं ते मावसबहिणीपाशी. तिच्या देशात जाऊन तिला न भेटता यायचं, हे केतकीच्या आईला पटेना, आणि खरं सांगायचं तर केतकीलाही.

मेलबर्न अधिक सिडनी, स्वतः बुक करून. एका शहरात उतरायचं, दुसऱ्यातून परतायचं, मध्ये एकच देशांतर्गत विमान. परतताना पुन्हा मेलबर्नला यायचा खर्च आणि दिवस वाचतो. रीफ नाही, गोल्ड कोस्ट नाही, थीम पार्क नाहीत. तसंही थीम पार्कच्या चांगल्या राइड्सना उंचीची अट असते, थोरलीला त्यातल्या निम्म्याच मिळाल्या असत्या आणि धाकट्याला जवळपास एकही नाही.

चौथा पर्याय सासऱ्यांचा: ऑस्ट्रेलिया सोडा, बालीला जा, निम्म्यात होईल. हिशोबाने ते बरोबरच होते.

निर्णय एक: तारखा

दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात वेगळी सीट घ्यावी लागत नाही, मांडीवर बसवलं तर मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडतात. दोन पूर्ण झाली की सीट घ्यावीच लागते. परतीचा प्रवास वाढदिवसानंतर असेल तर परतीला सीट हवी. आणि नेमका सिडनीचा व्हिव्हिड नावाचा दिव्यांचा उत्सव २३ मेला सुरू होणार होता. ऑपेरा हाउसवर रंगीत प्रकाशचित्रं, बघायला फुकट, केतकीने त्याचे व्हिडिओ बघून ठेवलेले.

म्हणजे व्हिव्हिड बघायचं तर धाकट्याची सीट, वर त्या दिवसांत वाढलेलं हॉटेलचं भाडं. फरक चाळीस हजारांच्या घरात जात होता. दोन दिवस घरात यावर चर्चा चालली आणि शेवटी ३ मेच्या रात्री मुंबईहून निघून १८ मेला सिडनीहून परत, असं ठरलं. व्हिव्हिड गेलं.

यातली दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. जवळपास दोन वर्षांचं मूल विमानातल्या पाळण्यात मावत नाही, त्याला वजनाची आणि उंचीची मर्यादा असते. म्हणजे मुंबई-सिंगापूर साडेपाच तास आणि सिंगापूर-मेलबर्न साडेसात तास, अकरा किलोचं पोर आलटूनपालटून मांडीवर. वाचलेल्या पैशांची किंमत ती होती, आणि ती माहीत असून त्यांनी दिली.

निर्णय दोन: व्हिसा आधी की तिकीट आधी

भारतीय पासपोर्टला व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. ऑनलाइन अर्ज, फी तेव्हा १९५ डॉलर माणशी, आणि माणशी म्हणजे मांडीवरच्या बाळालासुद्धा. चौघांचे ७८० डॉलर, साधारण ४३ हजार रुपये, व्हिसा नाकारला तर परत नाहीत. बजेट करताना बहुतेकांचा पहिला धक्का हाच असतो.

फेब्रुवारीत तिकिटं स्वस्त दिसत होती आणि सुजयची बोटं शिवशिवत होती. स्वस्तातली तिकिटं नॉन-रिफंडेबल. शेवटी आधी व्हिसा, मग तिकीट, असंच केलं. दोघांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, बहिणीचं निमंत्रण असं सगळं जोडलं, तीन-चार आठवड्यांत व्हिसा आले, तोवर तिकीट माणशी चार-साडेचार हजारांनी वर गेलेलं. माझ्या मते हे पैसे वाया गेले असं धरू नये. पावणेदोन लाखांची तिकिटं हातात आणि व्हिसाचा पत्ता नाही, या अवस्थेत एक महिना काढणं सगळ्यांना झेपत नाही.

निर्णय तीन: बहिणीकडे किती दिवस

आजीचं म्हणणं, घर आहे ना, मग हॉटेल कशाला? पंधराही दिवस तिच्याकडेच राहा. केतकीला हे आतून नको होतं पण बोलता येत नव्हतं.

टारनीट शहरापासून पश्चिमेला लांब आहे. स्टेशनवरून शहरातल्या सदर्न क्रॉस या मुख्य स्टेशनला अर्ध्या-पाऊण तासात ट्रेन पोचवते, पण घरापासून स्टेशन, ट्रेन, पुढे ट्राम असं करत बाबागाडीसकट जायला दीड तास धरायचा. बहीण आणि मेव्हणे दोघंही सोमवार ते शुक्रवार कामावर. पाहुणा फार दिवस राहिला की यजमान रात्री अकराला भांडी घासत असतात आणि तोंडाने "असू दे गं" म्हणत असतात, हे दोन्ही बहिणींना कळत होतं. म्हणून मेलबर्नच्या आठ रात्रींपैकी सात तिच्याकडे, मधली एक बाहेर आणि सिडनीच्या सहा रात्री स्वतंत्र, असं ठरलं. त्या बदल्यात पहिल्या दिवशीच केतकीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, रात्रीचं जेवण मी करणार म्हणून. ते त्या घराला फार आवडलं म्हणे.

निर्णय चार: ट्वेल्व्ह अपॉसल्स की पेंग्विन

दोन्ही मेलबर्नजवळ आणि दोन्ही विरुद्ध दिशांना. ग्रेट ओशन रोडवरचे ते खडक बघायला तिकीट नाही, पण जाऊन-येऊन एका दिवसात करायचं म्हणजे बारा-तेरा तास, वळणावळणाचा रस्ता आणि मागे दोन मुलं. सुजयचं मन तिकडे. थोरलीला पेंग्विनच हवे होते, फिलिप आयलंडचे, रोज संध्याकाळी समुद्रातून चालत आपल्या बिळांकडे येणारे.

इथे मे महिना त्यांच्या बाजूने आला. पेंग्विन अंधार पडायला लागला की येतात. डिसेंबरात तिकडे सूर्यच पावणेनऊला मावळतो, म्हणजे पेंग्विन बघून मुलं झोपेपर्यंत मध्यरात्र. मेमध्ये सव्वापाच-साडेपाचलाच सूर्यास्त. साडेसहापर्यंत सगळं आटोपून गरम जेवून मुलं आठला अंथरुणात. हे शीटमध्ये लिहिलं आणि सुजयने वाद सोडला.

गाडी दोन दिवस भाड्याने घेतली. नाशिकहून कारसीट न्यायचा त्यांचा विचार होता, तो वेळीच थांबवला. तिकडे सात वर्षांखालच्या मुलाला कारसीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे आणि सीट त्यांच्याच एएस/एनझेडएस १७५४ या स्टँडर्डची लागते, आपली किंवा युरोपची सीट कितीही भारी असली तरी चालत नाही. धाकट्याची सीट गाडीबरोबर भाड्याने, थोरलीचं बूस्टर बहिणीकडून. सुजयचं लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे तेच चाललं, आणि गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे सवय बदलायचा प्रश्न नव्हता.

तिकडे गेल्यावर

मेलबर्नला उतरताना खाण्याच्या वस्तूंचं कार्ड भरायचं असतं. आजीने पेढे भरायला घेतले होते, ते इथेच काढून ठेवायला लावले, कारण भारतातले दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. बाकी पोह्यांचं आणि उपम्याचं पाकीट, मसाला आणि मेतकूट यांच्यासाठी कार्डावर सरळ "हो" अशी खूण केली. लपवलं आणि सापडलं तर दंड हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो, सांगितलं तर फार तर वस्तू जाते. तिथल्या बाईंनी मेतकुटाची पुडी वरखाली करून बघितली, उघडून वास घेतला आणि काय आहे विचारलं. केतकीला पटकन काय सांगावं सुचेना, मग म्हणाली भाजलेल्या डाळींची पावडर, मुलं भातावर तूप घालून खातात. बाईंनी पुडी परत दिली, झिप लावून.

पहिले तीन दिवस मात्र सगळ्यांचा अंदाज चुकला. मेमध्ये मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे. मुलं नाशिकच्या घड्याळाप्रमाणे साडेनऊला झोपली म्हणजे तिकडे पहाटेचे दोन, आणि उठणार साडेअकराला. आंघोळ, नाश्ता होईतो एक, आणि साडेपाचला सूर्यास्त. म्हणजे हातात दिवस उरतो जेमतेम चार तासांचा. मेच्या थंडीबद्दल सगळ्यांनी बजावलं होतं, या छोट्या दिवसाबद्दल कोणीच नाही. नशिबाने पहिले दोन दिवस रिकामेच ठेवलेले होते, टारनीटच्या बागेतले झोपाळे आणि घसरगुंडी एवढ्यावरच गेले. मुलांचं काहीच बिघडलं नाही. सुजयला मात्र वाटत होतं की रोज आठ-दहा हजार जळतायत.

मग गाडी रुळावर आली. मेलबर्न म्युझियममध्ये मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना तेव्हा १५ डॉलर, आणि आत अगदी लहानांसाठी वेगळी चिल्ड्रन्स गॅलरी आहे. तिथे धाकटा दोन तास खेळला, डायनासोरकडे ढुंकूनही बघितलं नाही. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट, थोरलीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं ट्राममध्ये बसायचं होतं, तेच केलं.

त्याच आठवड्यात, ७ मेनंतर, घरून फोनवर फोन सुरू झाले, भारत-पाकिस्तान युद्ध होणार, परत या. परतीचं विमान सिंगापूरवरून मुंबईला होतं, बंद झालेले विमानतळ उत्तरेकडचे आणि वायव्येकडचे, त्यामुळे तारखा बदलण्यात अर्थ नव्हता. पण त्या दोन-तीन रात्री दोघांचं लक्ष फोनमध्येच होतं.

फिलिप आयलंडला शुक्रवारी गेले. पेंग्विन परेडला चार वर्षांखाली फुकट, थोरलीला अर्धं तिकीट. किनाऱ्यावर बाकांच्या पायऱ्यांवर बसायचं, वारा असा की दोन स्वेटरवर जॅकेट घालूनही कानातून आत शिरतो. तिथे फोटो आणि व्हिडिओ काढायला बंदी आहे, फोन खिशात. अंधार पडला आणि लाटेतून आधी एकच आला, थांबला, परत पाण्यात गेला. मग सात-आठ जण एकदम आले आणि पोटं पुढे काढून वाळूवरून निघाले. थोरली कुजबुजत मोजत होती आणि मधेच घाबरून म्हणाली, "आई, एक मागेच राहिला." तो येईपर्यंत ती हलेना. धाकटा या सगळ्या वेळात झोपलेला होता. रात्री हॉलिडे पार्कच्या केबिनमध्ये मुक्काम, छोटं किचन, हीटर, बंक बेड, भाव हॉटेलपेक्षा बराच कमी, आणि सकाळी पार्कातल्या जंपिंग पिलोवर मुलं तासभर उड्या मारत होती.

प्राणिसंग्रहालय रविवारी ठेवलं होतं, कारण व्हिक्टोरियाच्या (मेलबर्न याच राज्यात येतं) सरकारी झूमध्ये शनिवार-रविवारी मुलांना तिकीट नाही. मेलबर्न झूऐवजी वेरिबी ओपन रेंज झू निवडला, टारनीटपासून जवळ, आणि गाडीसफारी तिकिटातच. तिकडे फेब्रुवारीतच मेलबर्न झूमधले ९ आशियाई हत्ती हलवले होते. एवढ्या लांब जाऊन मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं तर हत्ती. असो.

सिडनीला जायचं विमान अॅव्हलॉन विमानतळावरून घेतलं. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे सांगतात की अॅव्हलॉनचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, ते शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर, जिलाँगच्या बाजूला आहे. शहरात राहणाऱ्याला ते खरंच आहे. टारनीटमधून मात्र ते सोयीचं पडलं, मेव्हण्यांनी कामावर जायच्या आधी सोडलं. केबिन बॅगेला माणशी सात किलोच, आणि गेटवर वजन करतात, त्यामुळे दोन मोठ्या बॅगा तिकिटाबरोबरच घेतल्या. आयत्या वेळी घेतल्या की फार महाग पडतात.

सिडनी आणि ताप

सिडनीत राहायचं पॅरामॅटाला, किचन आणि वॉशिंग मशीन असलेल्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये. सिटीतल्या खोलीपेक्षा रोज साठ-सत्तर डॉलर कमी, बाजूला हॅरिस पार्क म्हणजे आपल्याच लोकांची वस्ती, फ्रोझन पोळ्या, डाळी, दही सगळं मिळतं. वॉशिंग मशीनमुळे कपडेही कमी न्यावे लागले.

विमानतळावरून ट्रेन घेतली की स्टेशनचा वेगळा चार्ज लागतो, दोघं मोठे आणि थोरली मिळून साधारण ५० डॉलर. तो वाचवायला ४२० नंबरच्या बसने मॅस्कॉट स्टेशनला जाऊन पुढे ट्रेन घेता येते. शीटमध्ये बसच लिहिली होती. तिथे उतरल्यावर धाकटा किरकिर करत होता, नाक वाहत होतं, केतकी म्हणाली पन्नास डॉलर गेले खड्ड्यात, ट्रेनने चला. बरोबर केलं.

थोरलीसाठी चाइल्ड ओपल, म्हणजे सिडनीच्या बस-ट्रेन-फेरीचं मुलांचं कार्ड घेतलं, कारण बँकेचं कार्ड टॅप केलं तर मुलालाही मोठ्यांचं भाडं लागतं. ओपलला दिवसाची कमाल मर्यादा असते आणि शुक्रवार ते रविवार ती निम्म्यावर येते, म्हणून लांबचे सगळे प्रवास शेवटच्या तीन दिवसांत टाकले होते.

पण बुधवारी रात्री धाकट्याला ताप भरला, १०२ च्या वर, आणि कान ओढून रडायला लागला. बहिणीची मुलगी डेकेअरमधून सर्दी घेऊन आली होती, ती बहुतेक याच्याकडे आली. सकाळी जवळच्या मेडिकल सेंटरला गेले, डॉक्टरांनी कान बघितला, इन्फेक्शन आहे म्हणाले, अँटिबायोटिक दिलं. तपासणी आणि औषध मिळून दीडशे डॉलरच्या आसपास. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, पण पॉलिसीत शंभर अमेरिकन डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे जवळपास तेवढाच खर्च आपल्याच खिशातून, क्लेम करून हाती लागणार नगण्य. सुजयने क्लेमच केला नाही.

आता प्रश्न, उरलेल्या दिवसांचं काय करायचं? केतकीला वाटत होतं की सगळेच खोलीत बसू. सुजयचं म्हणणं, थोरलीने काय पाप केलंय? शेवटी कुटुंब दोन भागांत वाटलं. शनिवारी बापलेक ब्लू माउंटन्सला गेले, ट्रेन पॅरामॅटाला थांबतेच, तिथून कटूम्बा दीडएक तास, एको पॉइंटवरून थ्री सिस्टर्स बघायला तिकीट नाही, डबा घरचा. आई आणि धाकटा पॅरामॅटा पार्कात गवतावर. शुक्रवारी ताप उतरल्यावर चौघांनी सर्क्युलर की या धक्क्यावरून मॅन्लीची फेरी घेतली होती, साधी सरकारी फेरी, पण तिच्यातून ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज जसा दिसतो तसा बघायला क्रूझवाले कितीतरी पट पैसे घेतात. डार्लिंग हार्बरचं मोठं प्लेग्राउंडही फुकट. बॉन्डाय बीच राहिलं, ऑस्ट्रेलियन म्युझियमही राहिलं.

हिशोब

आंतरराष्ट्रीय तिकिटं १ लाख ८३ हजार. व्हिसा ४३ हजार. राहणं सात रात्रींचं ७२ हजार. मेलबर्न-सिडनी विमान बॅगांसकट २१ हजार. गाडी, पेट्रोल, सीट साडेदहा हजार. सरकारी बस-ट्रेन-फेरी १२ हजार. सगळ्या प्रवेश तिकिटांचे मिळून १४ हजार. खाणं आणि किराणा ३३ हजार, कारण दुपारचा डबा बहुतेक रोज सोबत होता, आणि वूलवर्थ्स या सुपरमार्केटमध्ये मुलांना एक फळ फुकट खाऊ देतात त्याचाही थोरलीने पुरेपूर फायदा उठवला. डॉक्टर-औषधं आठ, इन्शुरन्स आठ, नाशिक-मुंबई गाडी आठ, बहिणीला साडी, भाचीला खेळणी, जॅकेटं असं मिळून वीस हजार.

बेरीज सव्वाचार लाखांच्या थोडी वर. चार लाखांत बसलं नाही, पण कर्जही झालं नाही. या यादीत प्रवेश तिकिटांचा आकडा बघा आणि तिकिटं-व्हिसा बघा. लोक झूचे पन्नास डॉलर वाचवायला आठवडाभर कूपनं शोधतात आणि तिसरं शहर घालताना विचारही करत नाहीत, तिथेच चाळीस-पन्नास हजार जातात.

काय वेगळं करता आलं असतं

पॅरामॅटाबद्दल दोघांचं अजून एकमत नाही. सुजयच्या मते स्वस्त आणि सोयीचं. केतकीच्या मते सिटीजवळ राहिले असते तर दुपारी खोलीवर येऊन धाकट्याला झोपवता आलं असतं, अर्धा तास ट्रेनने परत यायचं म्हणून तो बाबागाडीतच कसाबसा झोपायचा. मला केतकीचं पटतं, पण सहा रात्रींचे चारशे डॉलर जास्त, म्हणजे बावीस हजार, आणि ब्लू माउंटन्सची ट्रेन दारात मिळाली नसती हेही आहे. तीन रात्री सिटीत आणि तीन पॅरामॅटाला, असं केलं तर पुन्हा बॅगा उचलणं आलं.

धाकट्याची सीट हा दुसरा मुद्दा. जाताना सगळं निभावलं, येताना कान दुखत असताना सिडनी-सिंगापूर आठ तास मांडीवर, त्याबद्दल केतकी अजून बोलत नाही. परतीच्या लांब टप्प्याला सीट घेतली असती तर निम्मी बचत गेली असती आणि निम्मी उरली असती. डिडक्टिबल कमी असलेली पॉलिसी सातआठशे रुपये जास्त देऊन मिळत होती, ती घ्यायला हवी होती. आणि निघायच्या आठवडाभर आधीपासून मुलांना रोज थोडं लवकर झोपवलं असतं तर पहिल्या तीन दिवसांतला निदान एक तरी पदरात पडला असता, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकमध्ये मुलं साडेसातला झोपतील का हा प्रश्न वेगळा.

त्यांच्यानंतर काही गोष्टी बदलल्या आहेत. १ जानेवारी २०२६ पासून व्हिक्टोरियात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना सरकारी बस-ट्रेन-ट्राम मोफत झाली, म्हणजे थोरलीचं मेलबर्नमधलं भाडं आता शून्य. व्हिसाची फी दर जुलैत वाढत असते, त्यामुळे शीट वापरणाऱ्याने १९५ चा आकडा आधी बदलून घ्यावा. शीट सध्या सुजयच्या ऑफिसमधल्या एकाकडे आहे, तिळी मुलं, साडेतीन वर्षांची, त्याला मी क्वीन्सलँड सांगितलंय.